हेट, लोद, डिस्पाइज, कंटेम्प्ट: सगळ्यांचा अर्थ 'तिरस्कार' कसा काय असेल?

इंग्लिशमधला हेट घ्या, लोद घ्या, डिटेस्ट, डिस्पाइज, अबहॉर, स्कॉर्न, डिसडेन, कुठलाही घ्या आणि मराठी अर्थ शोधा, बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, तिरस्कार करणे. फार तर एखाद्या ठिकाणी घृणा करणे आणि एखाद्या ठिकाणी तुच्छ लेखणे. मग आपण काय करतो, तर हे सगळे शब्द एकाच ओळीत पाठ करतो आणि मनात एक शिडी तयार होते, खाली डिसलाइक, मग हेट, मग डिटेस्ट, मग लोद आणि सगळ्यात वर अबहॉर, म्हणजे गॅस बारीक मोठा करावा तसं एकच भावना कमी जास्त करायची. परीक्षेच्या पुस्तकात पण हे सगळे समानार्थी म्हणून एकाच चौकटीत कोंबलेले असतात. आणि मग निबंधात कोणीतरी लिहितो की मला पावसात भिजणं डिस्पाइज आहे, वाचणारा इंग्लिश माणूस अर्थ समजून घेतो पण त्याला जरा गंमत वाटते, कारण पावसाला तुच्छ कसं लेखणार बुवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही शिडी मुळातच चुकीची आहे. हे शब्द जोराने वेगळे होत नाहीत, थोडाफार फरक जोराचा असतो पण खरा फरक आहे तो बोलणारा कुठे उभा राहून बोलतोय याचा. समोरासमोर उभा आहे, वरून खाली बघतोय, पोटात ढवळतंय म्हणून मागे सरकतोय, की जुनी जखम खाजवत बसलाय. हे एकदा लक्षात आलं की अर्ध काम झालं, आणि मजा म्हणजे मराठीत हे सगळे फरक आपण रोज करतो, पाण्यात पाहणं वेगळं, किळस येणं वेगळं, कस्पटासमान लेखणं वेगळं, डूख धरणं वेगळं. फक्त इंग्लिश समोर आलं की सगळ्यावर तिरस्काराचा एकच शिक्का मारून मोकळे होतो.

आधी हेट बघू कारण तो खूप जुना आणि सगळ्यात जास्त झिजलेला. जुन्या इंग्लिशपासूनचा शब्द आहे हा, आणि आता त्याचा इतका वापर झालाय की एकाच शब्दाची दोन टोकं झालीत. एका टोकाला 'आय हेट मंडेज' म्हणजे नुसती कुरकुर, आणि दुसऱ्या टोकाला हेट क्राइम, हेट स्पीच, म्हणजे ज्यावर कायदे केले जातात, कोर्टात केसेस चालतात. शब्द तोच. त्यातून तिसरा वापर तर चक्क सभ्यपणाचा आहे, 'आय हेट टू बॉदर यू, बट' असं कोणी म्हणालं तर त्याला कशाचाही द्वेष वाटत नाहीये, तो फक्त म्हणतोय की त्रास देतोय, सॉरी. आणि 'आय वुड हेट टू मिस इट' म्हणजे ते चुकलं तर फार वाईट वाटेल, म्हणजे उलट त्याला ते हवंच आहे. त्यामुळे हेट नुसता दिसला की दचकू नका, पुढे काय आलंय ते बघा.

पण हेट जेव्हा खरा असतो, माणसाबद्दल असतो, तेव्हा त्यात एक गोष्ट पक्की असते, ती म्हणजे समोरचा माणूस तुमच्यासाठी महत्त्वाचा असतो. ज्याला आपण पाण्यात पाहतो त्याच्याकडे आपलं सतत लक्ष असतं, तो काय करतोय, त्याला काय मिळालं, तो कुठे पोचला. हेट समान पातळीवर होऊ शकतं, आपल्यापेक्षा मोठ्या माणसाबद्दलही होऊ शकतं, शत्रूचा द्वेष करतानाच त्याच्या ताकदीबद्दल आदर असू शकतो. हे वाक्य डोक्यात ठेवा कारण कंटेम्प्टकडे आलो की हेच वाक्य उलटं होणार आहे.

आता पोटातून येणारे शब्द. डिसगस्ट, रिव्हल्शन, लोद. डिसगस्टमधला 'गस्ट' म्हणजे लॅटिनमधला चव या अर्थाचा शब्द, म्हणजे मुळात चव बिघडणं, तोंडात नको ते येणं. आपली किळस, शिसारी, ओकारी हा सगळा परिसर. डार्विनने 1872 च्या त्याच्या भावनांवरच्या पुस्तकात डिसगस्टबद्दल लिहिताना एक प्रसंग सांगितलाय तो फार भारी आहे. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, तिएरा देल फ्युएगोमध्ये तो उघड्यावर बसून डब्यातलं थंड मांस खात होता, तिथल्या एका स्थानिक माणसाने त्या मांसाला बोट लावून बघितलं आणि त्याचा तो लिबलिबीतपणा लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सरळ सरळ किळस दिसली. आणि इकडे डार्विनला किळस आली, का, तर एका उघड्या 'जंगली' माणसाने आपल्या जेवणाला हात लावला म्हणून, आणि डार्विन स्वतःच लिहितो की त्या माणसाचे हात काही घाण दिसत नव्हते. बघा म्हणजे, एकच मांसाचा तुकडा, दोघांच्या चेहऱ्यावर बहुधा एकच भाव, पण एकाची किळस खरीच वस्तूची आहे आणि दुसऱ्याची किळस माणसाबद्दलची आहे, आणि त्यात वरून खाली बघणं मिसळलेलं आहे. डिसगस्ट आणि कंटेम्प्ट यांची सरमिसळ कशी होते हे यापेक्षा चांगलं कोणी दाखवू शकणार नाही, आणि डार्विनने ते लपवलं नाही हे पण त्याचं मोठेपण.

इथे एक घोळ जाता जाता मिटवून टाकू. डिसगस्टेड म्हणजे ज्याला किळस आली तो, डिसगस्टिंग म्हणजे ज्याची किळस येते तो. 'आय ॲम डिसगस्टिंग' असं लिहिलं तर तुम्ही स्वतःलाच किळसवाणं म्हणताय. बोअर्ड (कंटाळलेला) आणि बोरिंग (कंटाळवाणा) यांचा जो गोंधळ होतो तोच हा, फक्त इथे परिणाम जास्त वाईट.

लोद हा या घरातलाच पण जरा वेगळा. त्याच्यात शारीरिक नकोसेपणा असतोच पण तो एकदाच येऊन जाणारा नाही, मुरलेला असतो. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ तिटकारा आहे. एखाद्याचा आवाज ऐकला तरी अंगावर येतं, त्याने काही वाईट केलंय म्हणून नाही, केलं असेल किंवा नसेल, पण आता तो माणूस पूर्णच नकोसा झालाय, हे लोद. आणि हा शब्द स्वतःवर पण उलटतो, सेल्फ लोदिंग म्हणजे स्वतःचाच तिटकारा येणं, हा शब्द मानसिक आरोग्याबद्दलच्या लिखाणात सारखा दिसतो, तिथे सेल्फ हेट पण चालतो पण लोदिंगमध्ये जी आतून येणारी मळमळ आहे ती हेटमध्ये नाही. उच्चाराचं पण सांगून टाकतो, क्रियापद आहे लोद, शेवटी मऊ द, आणि त्याचा सख्खा भाऊ आहे लोथ, शेवटी थ, त्याचा अर्थ नाखूष, राजी नसलेला. 'आय ॲम लोथ टू ॲडमिट इट' म्हणजे कबूल करायला जिवावर येतंय. स्पेलिंगमध्ये फक्त शेवटच्या ई चा फरक, इंग्लिश लोक स्वतः पण चुकतात.

यानंतरचा गट मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण हे शब्द धर्मातून, शापातून, अपशकुनातून आलेत. डिटेस्टमध्ये लॅटिनचा 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार लपलाय, देवाला साक्षी ठेवून एखाद्याला शाप देणं हा मूळ अर्थ. अबॉमिनेटमध्ये 'ओमेन' आहे, म्हणजे शकुन, अपशकुन समजून दूर लोटणं. या दुसऱ्या शब्दाचा तर अजून एक किस्सा आहे, मधली काही शतकं लोकांना वाटत होतं की हा शब्द लॅटिनच्या 'माणसापासून दूर' या अर्थाच्या शब्दांवरून आलाय, म्हणजे अमानुष, म्हणून स्पेलिंगमध्ये मध्येच एक एच घुसवला होता, चुकीच्या व्युत्पत्तीवर बेतलेलं स्पेलिंग लोक बिनधास्त लिहीत होते. आणि अबॉमिनेबल स्नोमॅन म्हणजे यती, ते नाव तर 1921 च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेनंतर हेन्री न्यूमन नावाच्या पत्रकाराने एका स्थानिक शब्दाचं गडबडीचं भाषांतर करून चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. बिचाऱ्या यतीने कोणाचं काय वाकडं केलं होतं.

अबहॉरमध्ये हॉरर आहे, सरळ दिसतो, मूळ क्रियापदाचा अर्थ केस उभे राहणं, अंगावर काटा येणं. म्हणजे घाबरून, शहारून मागे सरकणं. म्हणूनच जुनी म्हण आहे की निसर्ग व्हॅक्यूमला 'अबहॉर' करतो, पोकळी दिसली की निसर्ग अंग चोरतो आणि ती भरून काढतो अशी त्यामागची जुनी कल्पना. तिथे हेट घालून बघा, म्हणीतला जीवच जातो.

आता आजच्या वापरात डिटेस्ट आणि अबहॉर यांच्यात धर्मबिर्म काही उरलेलं नाही, पण एक सावली मात्र राहिलीय. अबहॉर जास्त करून तत्त्वाच्या गोष्टींना लागतो, हिंसा, गुलामगिरी, छळ, वर्णद्वेष. 'आय अबहॉर व्हायलन्स' एकदम बरोबर वाटतं, आणि कोणी 'आय अबहॉर वांगी' टाइपचं काही बोललं तर तो मुद्दाम नाटक करतोय हे कळतं. डिटेस्ट त्यामानाने घरगुती, माणूस, काम, सवय, कशालाही चालतो, त्यात शांत ठामपणा आहे, राग असेलच असं नाही. ज्याला डिटेस्ट करतो त्याच्याबद्दल मत पक्कं झालंय, विषय संपला.

बरं, आता मुख्य विषय. कंटेम्प्ट, डिस्पाइज, डिसडेन, स्कॉर्न. या चौघांना मी जास्त वेळ देणार आहे कारण गडबड इथेच होते.

डिस्पाइजच्या पोटात लॅटिनचं 'खाली बघणं' आहे, तोच 'स्पेक' जो इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, सस्पेक्ट या सगळ्यांत आहे, आणि पुढचा 'डी' म्हणजे खाली. आता मराठीकडे बघा. अवज्ञा, अवमान, अवहेलना, अवगणना. हा जो 'अव' आहे तो पण खालीच दाखवतो. म्हणजे लॅटिनने आणि संस्कृतने एकच दिशा पकडलीय, आणि आपल्याकडे ती म्हण तर तयारच आहे, अतिपरिचयादवज्ञा, जिचं इंग्लिश जुळं भावंड आहे 'फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट'. या म्हणीत द्वेष कुठे आहे सांगा. कुठेच नाही. रोज रोज भेटून माणसाचा धाक जातो, किंमत कमी होते, आपण त्याला मोजेनासे होतो, एवढंच ती म्हण सांगते. कंटेम्प्ट म्हणजे हेच, न मोजणं. खिजगणतीत नसणं हा आपला शब्दप्रयोग त्याला जितका चपखल बसतो तितका तिरस्कार बसत नाही.

म्हणूनच कंटेम्प्ट ऑफ कोर्ट म्हणजे कोर्टाचा द्वेष नाही. कोर्टाला शिव्या घालणारा माणूस घरात बसून कितीही हेट करत असला तरी त्याने आदेश पाळला तर प्रश्न नाही, पण कोर्टाने सांगितलेलं तुम्ही धाब्यावर बसवलं, म्हणजे कोर्टाला मोजलंच नाही, तर तो कंटेम्प्ट. आपल्याकडे त्याला अवमान म्हणतात तो म्हणूनच बरोबर शब्द आहे. कोर्टाची बदनामी करणं हा पण कंटेम्प्टचाच एक प्रकार जुन्या इंग्लिश कायद्यात होता, तो इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013 मध्ये रद्द केला, पण आदेश न पाळणं हा प्रकार अजून आहेच.

मघाशी हेटबद्दल म्हणालो की समोरचा महत्त्वाचा असतो, कंटेम्प्टमध्ये ते बरोबर उलटं होतं. समोरचा महत्त्वाचा नसतोच. आणि याचाच समोरच्याला जास्त त्रास होतो. भांडणारा माणूस निदान आपल्याशी भांडतोय, पण डोळे फिरवून 'हं' करून निघून जाणारा माणूस आपल्याला भांडण्याच्या लायकीचं पण समजत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा बायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यांनी नातं मोडायच्या चार खुणा सांगितल्यात, टीका, कंटेम्प्ट, स्वतःचा बचाव करत राहणं आणि भिंतीसारखं गप्प होणं, आणि या चारमध्ये घटस्फोटाकडे नेणारी सगळ्यात मोठी खूण त्यांच्या मते कंटेम्प्ट. राग नाही हं, कंटेम्प्ट. डोळे फिरवणं, टोमणे, नक्कल करून हिणवणं, हे सगळं त्यात येतं.

चेहऱ्यावर पण हा भाव वेगळा दिसतो असं म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी सुरुवातीला जे मूळ भाव मांडले होते त्यात राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य असे सहा होते, कंटेम्प्ट नव्हता. नंतर 1986 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी वॉलेस फ्रीझन यांनी मांडलं की कंटेम्प्टचा पण स्वतःचा चेहरा आहे, ओठाचा एकच कोपरा ताणला जातो, बाकीचे भाव दोन्ही बाजूंना सारखे पसरतात आणि हा एकाच बाजूला. सगळ्या जगात हा चेहरा असाच वाचला जातो का यावर पुढे बरेच वाद झाले, पण अर्धवट वाकडं हसू म्हटलं की ज्याचा चेहरा तुमच्या डोळ्यासमोर आला त्याच्याकडे ते असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता चौघांतला फरक. कंटेम्प्ट हे नाम, भाव. डिस्पाइज हे त्याचं क्रियापद म्हटलं तरी चालेल, पण त्यात नैतिक निवाडा असतो, भित्रेपणा, लाचारी, खोटारडेपणा, दगाबाजी यांच्याबद्दल डिस्पाइज बरोब्बर बसतो. डिसडेनमध्ये 'डिग्निटी' या शब्दाचं रक्त आहे, एखादी गोष्ट आपल्या लायकीची नाही असं समजणं, नाक मुरडणं. डिसडेन थंड असतो, गप्प असतो. 'शी डिसडेन्ड टू रिप्लाय' म्हणजे तिने उत्तर द्यायची पण तसदी घेतली नाही, तेवढं पण कमीपणाचं वाटलं तिला. आणि स्कॉर्न त्याच्या उलट, तो आवाज करतो, उघड हिणवतो, लोकांसमोर हेटाळणी करतो. 'पोअर स्कॉर्न ऑन' म्हणजे एखाद्या कल्पनेवर घडाभर ओतायची हेटाळणी. शिवाय स्कॉर्नचा एक खास अर्थ आहे झिडकारणं, प्रेम झिडकारणं सुद्धा, 'अ वुमन स्कॉर्न्ड' म्हणतात तो हा. ती जी झिडकारलेल्या बाईएवढा राग नरकालाही नसतो वगैरे म्हण आहे ती लोक शेक्सपियरच्या नावावर खपवतात, पण ती विल्यम कॉन्ग्रीव्हच्या 1697 च्या नाटकातल्या ओळींवरून आलीय.

एक गोष्ट कबूल करायला हवी, ती म्हणजे आजकाल इंग्लिश बोलणारेच डिस्पाइज सर्रास 'खूप हेट' या अर्थाने वापरतात, 'आय डिस्पाइज ट्रॅफिक' वगैरे. भाषा बदलते, ठीक आहे. पण जुनं काही वाचत असाल तर तिथे हा अर्थ लावू नका. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये दोन मालकांची चाकरी करणाऱ्याबद्दल म्हटलंय की तो एकाला धरून राहील आणि दुसऱ्याला डिस्पाइज करेल, तिथे तो दुसऱ्या मालकाला कवडीची किंमत देणार नाही असा अर्थ आहे.

विशेषणांमध्ये मात्र सूट नाही. कंटेम्प्टिबल म्हणजे ज्याला तुच्छ लेखलं पाहिजे असा, नीच. कंटेम्प्चुअस म्हणजे जो दुसऱ्याला तुच्छ लेखतो असा, तुसडा. साहेब कंटेम्प्चुअस होते म्हणजे साहेबांनी तुम्हाला किंमत दिली नाही, साहेब कंटेम्प्टिबल होते म्हणजे साहेबांचीच किंमत नाही. मेलमध्ये उलटं टाइप झालं तर बघा काय होईल. डिस्पिकेबल पण पहिल्याच्या बाजूचा, नीच.

वापर अजून स्पष्ट व्हावा म्हणून एकच माणूस घेऊ. ऑफिसमधला एक सहकारी. त्याने मीटिंगमध्ये तुमची आयडिया स्वतःची म्हणून मांडली आणि शाबासकी घेऊन गेला. तुम्ही त्याला रिझेंट करता, कारण जखम तुम्हाला झालीय आणि ती रोज आठवते. रिझेंटचा मूळ अर्थच पुन्हा पुन्हा जाणवणं, आणि तो आतल्या आत धुमसणारा प्रकार आहे, डूख. सहा महिन्यांनी तोच तुमच्या प्रमोशनच्या आड आला तर आता हेट, आता तुम्ही त्याला पाण्यात बघताय. मग एक दिवस तुम्हाला दिसतं की हा बॉससमोर अगदी लोळण घेतो आणि ज्युनिअर मुलांवर ओरडतो, तर आता डिस्पाइज, आणि गंमत म्हणजे हेट थोडा कमी पण होतो कारण आता तो तुमच्या डोळ्यात लहान झालाय. त्याचं ते खाकरणं, चहा भुरकणं सहन होत नाही, ते लोद, किंवा साधं 'कान्ट स्टँड', आपलं डोक्यात जाणं. आणि त्याने एक दिवस गोड बोलून मदत देऊ केली आणि तुम्ही फक्त मान हलवून स्क्रीनकडे बघत बसलात, तर तो डिसडेन. माणूस तोच, तुमची उभं राहण्याची जागा बदलत गेली. आणि तुम्ही मुद्दाम त्याची फाइल लपवली, स्वतःचा काही फायदा नसताना, तर ते स्पाइट, खुन्नस. त्यावर मी काही बोलणार नाही.

खाली बघण्याचा विषय निघालाच आहे तर इंग्लिशमधल्या शिव्यांकडे पण जरा बघायला हवं, कारण त्यातल्या बऱ्याच शिव्या म्हणजे वरच्या वर्गाने खालच्या वर्गाकडे बघणं आहे, बाकी काही नाही. व्हिलन म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाड्यावर, शेतावर राबणारा माणूस. बूर म्हणजे गावंढळ, मुळात शेतकरी. चर्ल म्हणजे उर्मट, मुळात साधा कुणबी म्हणा ना. व्हल्गर म्हणजे मुळात सर्वसामान्य लोकांचं. मीन म्हणजे क्षुद्र, मुळात सामाईक, साधारण. आणि याच्या उलट बाजूला नोबल आणि जंटल, म्हणजे उच्च कुळातला तो आपोआप सद्गुणी. शेती करणारा बदमाश आणि घराण्यात जन्मलेला सज्जन, शतकानुशतकं हे शब्दात मुरलं आणि आता कोणाला दिसत पण नाही. स्नॉब हा त्यातला सगळ्यात भारी, आधी तो चांभार या अर्थाचा बोलीतला शब्द होता, मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या लोकांना स्नॉब म्हणायला लागले, आणि फिरत फिरत आज तो खालच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्याचंच नाव झालाय. काव्यगत न्याय म्हणतात तो हाच असावा.

वैद्यकीय शब्दांचं पण हेच झालं. मोरॉन हा शब्द 1910 मध्ये हेन्री गोडार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ग्रीकवरून तयार केला, बुद्धीची एक ठराविक पातळी दाखवायला, इडियट आणि इम्बेसाइल हे शब्द पण तेव्हा अशाच पातळ्यांसाठी वापरले जायचे. थोड्याच काळात तिन्ही शिव्या झाल्या. नवीन सभ्य शब्द आणा, तो पण काही वर्षांत शिवी होतो, कारण बघण्याची दिशा तीच राहते.

राजकारणात हा खालून वरचा आणि वरून खालचा खेळ किती महाग पडतो याचं अगदी जवळचं उदाहरण 9 सप्टेंबर 2016 चं. हिलरी क्लिंटन न्यूयॉर्कमधल्या निधी गोळा करायच्या कार्यक्रमात म्हणाल्या की ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना 'बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स'मध्ये, म्हणजे निंदनीय लोकांच्या टोपलीत, टाकता येईल. आता डिप्लोअर हे क्रियापद तसं सभ्य आहे, सरकारी पत्रकात असतं, अमुक हल्ल्याचा आम्ही निषेध करतो टाइप. वागणं डिप्लोरेबल आहे असं म्हटलं असतं तर ती टीका झाली असती. पण त्यांनी विशेषणाला एस लावून नाम केलं, म्हणजे वागण्यावरून उडी मारून माणसांवर आल्या, वर टोपलीत पण टाकलं. टीकेचा कंटेम्प्ट झाला तो त्या एका एस मुळे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी 'निम्म्या' म्हणाल्याबद्दल खेद व्यक्त केला, पण समर्थकांनी तो शब्द टीशर्टवर छापून अभिमानाने मिरवायला सुरुवात केली.

मग ते 'मिस' आणि 'फोबिया'वाले शब्द. मिसोजिनी म्हणजे स्त्रीद्वेष, मिसँथ्रोप म्हणजे माणूसजातीचाच द्वेष करणारा, यातला मिस म्हणजे ग्रीकमध्ये द्वेष. फोबिया म्हणजे भीती, पण झेनोफोबिया (परक्या लोकांबद्दलचा), होमोफोबिया (समलिंगी लोकांबद्दलचा) यांचा वापर द्वेष म्हणूनच होतो. 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने आपल्या स्टाइलबुकमध्ये, म्हणजे पत्रकारांसाठीच्या भाषेच्या नियमावलीत, सांगितलं की राजकीय सामाजिक बातम्यांत होमोफोबिया वगैरे वापरू नका कारण फोबिया म्हणजे आजार सुचवतो, नंतर काही वर्षांनी होमोफोबियाला सूट पण दिली. 2012 च्याच ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेत मिसोजिनीवर ते गाजलेलं भाषण केलं, विरोधक म्हणाले की त्यांनी शब्द चुकीचा वापरला, मिसोजिनी म्हणजे स्त्रियांचा द्वेष, आणि मग ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी डिक्शनरीने व्याख्याच रुंद केली, स्त्रियांबद्दलचा मुरलेला पूर्वग्रह असा अर्थ पण जोडला. मला विचाराल तर डिक्शनरी बरोबर होती, लोक आधीपासून त्याच अर्थाने वापरत होते.

आता थोडं व्याकरण, पटकन. डिसलाइक, डिटेस्ट आणि लोदनंतर आयएनजीवालं रूप येतं, 'आय डिटेस्ट वेटिंग', तिथे टू नको. हेटला दोन्ही चालतं. नामांना शेपट्या वेगळ्या, कंटेम्प्ट फॉर, डिसडेन फॉर, पण ॲव्हर्जन टू, आणि डिसगस्ट ॲट किंवा विथ. यामागे फार लॉजिक शोधू नका, पाठच करा. 'बिनीथ कंटेम्प्ट' म्हणजे कंटेम्प्टच्या पण लायकीचा नाही, याच्या खाली आता पायरीच नाही.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे नापसंती न दाखवता दाखवणं, ज्यात ब्रिटिश लोक वस्ताद. 'नॉट माय कप ऑफ टी', 'आय ॲम नॉट अ ह्यूज फॅन', 'आय ॲम नॉट कीन ऑन इट', हे सगळं ऐकायला सौम्य पण अर्थ बहुतेक वेळा सरळ नको असाच असतो. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' म्हटलं की पुढच्या वाक्यात रिस्पेक्ट नसणार हे धरून चाला. यात आपली मंडळी हमखास अडकतात ते 'आय डोन्ट केअर फॉर इट' मध्ये. आपल्याला वाटतं तो म्हणतोय की मला काही फरक पडत नाही, चालेल काहीही, आणि आपण खुशाल तेच पुढे करतो. तो म्हणतोय की मला ते आवडत नाही. फरक न पडणं म्हणजे 'आय डोन्ट केअर', त्यात फॉर नाही. आणि त्याहून जास्त फरक न पडणं म्हणजे 'आय कुडन्ट केअर लेस', याच्यापेक्षा कमी पर्वा करणं शक्यच नाही. अमेरिकेत मात्र बरेच लोक त्यातला नकार गिळून 'आय कुड केअर लेस' म्हणतात, शब्दशः बघितलं तर अर्थ उलटा होतो, व्याकरणवाले त्यावर कपाळ बडवून घेतात, पण बोलणाऱ्याला म्हणायचं तेच असतं, की मला शष्प फरक पडत नाही.